पिवळ्या रेघेचं देणं

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशा माणसांची यादी करायची ठरवली, तर आईवडील आणि शिक्षक यांच्या पाठोपाठ एक परकं नाव येतं, डानिएल नाबर. या गृहस्थांना मी पाहिलेलं नाही, आमचा कधी पत्रव्यवहारही झालेला नाही. २००३ साली जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात त्यांनी पदवीसाठी एक प्रबंध सादर केला. विषय होता, ठरावीक नियमांच्या आधाराने व्याकरण आणि शैली तपासणारा संगणकीय प्रोग्राम. परीक्षेसाठी लिहिलेले प्रबंध एरवी ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतात. नाबर यांनी मात्र आपला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो वापरावा, आतला कोड वाचावा, सुधारावा. लँग्वेजटूल या नावाने तो पुढे वाढला आणि आज ब्राउझरमध्ये, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये, फोनच्या कीबोर्डवर तो लाखो लोकांचं लिखाण तपासतो. त्या लाखोंमधली मी एक. माझी रोजीरोटी जर्मन लिहिण्यावर चालते, म्हणून हे देणं मला इतरांपेक्षा जास्त जाणवतं.

माझा व्यवसाय भाषांतराचा. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स बनवणारे कितीतरी लहान कारखानदार आहेत. त्यांचा माल जर्मनीला जातो तेव्हा सोबत जर्मन वापरपुस्तिका लागते. यंत्र ज्या देशात वापरलं जाणार त्या देशाच्या भाषेत सूचना हव्यात, असा युरोपियन युनियनचा नियमच आहे. शिवाय कोटेशनं, तक्रारींची उत्तरं, सुटे भाग पाठवल्याची पत्रं असतातच. भाषांतरकाराने फक्त आपल्या मातृभाषेत भाषांतर करावं, असा या धंद्यातला जगभरचा संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. पण दोन शेडमध्ये कारखाना चालवणाऱ्याला तिकडच्या भाषांतरकाराचे दर झेपत नाहीत. तो माझ्याकडे येतो, आणि मी परभाषेत लिहिते. परभाषेत लिहिणाऱ्याला आपल्या मागे कुणीतरी उभं हवं असतं. माझ्या मागे कोण कोण उभं राहिलं, त्याचा हा हिशेब.

मराठी माणसाला जर्मनची पहिली पायरी तशी सोपी जाते. इंग्रजीतून आलेल्याला निर्जीव वस्तूंना लिंग असतं हेच पटत नाही, आपल्याला ते जन्मापासून ठाऊक असतं. टेबल ते, खुर्ची ती, दरवाजा तो. जर्मनमध्येही तीनच लिंगं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं याचं आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपलं क्रियापद शेवटीच असतं. शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करायची जर्मन हौस संस्कृत शिकलेल्याला घरचीच वाटते, आणि समासाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं हेही लगेच समजतं. कसोटी लागते ती पुढे. लिंगासोबत विभक्ती आली की आर्टिकल बदलतं, त्यासोबत विशेषणाची शेपटी बदलते, काही नामंही बदलतात. प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. गौण वाक्याआधी स्वल्पविराम ऐच्छिक नाही, सक्तीचा. एका ओळीत इतक्या गोष्टी सांभाळायच्या असतात, की अर्थाकडे लक्ष दिलं तर शेपटी निसटते आणि शेपटीकडे दिलं तर अर्थ.

माझ्या मागे पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या आमच्या बाई. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्या आम्हाला जर्मन शिकवायच्या. वह्या तपासायची त्यांची एक रीत होती. वाक्यात त्या कुठेही खूण करत नसत. त्या ओळीसमोर समासात फक्त एक-दोन अक्षरं लिहीत. ‘आर’ म्हणजे स्पेलिंग, ‘जीआर’ म्हणजे व्याकरण, ‘झेड’ म्हणजे विरामचिन्हं. जर्मन शाळांमधली ही जुनी पद्धत. ओळीत नेमकं कुठे, ते आपण शोधायचं. सापडलं की त्यांच्याकडे जायचं आणि कारण सांगायचं. नुसतं दुरुस्त करून नेलेलं वाक्य त्या परत करायच्या.

“कानाला बरोबर वाटलं म्हणून लिहिलंस ना?” असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी हो म्हटलं. “तुझा कान मराठी आहे, बाळ. जर्मनबाबत त्याला काही विचारू नकोस. नियमाला विचार.”

हे वाक्य मला आयुष्यभर पुरलं. परभाषा मोठेपणी शिकणाऱ्याजवळ कान नसतो, कारण असतं. अमुक का, तमुक का नाही, हे सांगता आलं तरच ती भाषा त्याच्या हाताशी राहते. बाईंनी आम्हाला कारण मागायची सवय लावली. ते पुरवणारं माणूस मात्र दर वेळी जवळ असेलच असं नव्हतं.

वर्गात नसलेल्या वेळी आधार होता डुडेनचा. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात तो पिवळा जाड कोश असायचा. जर्मनीत ‘डुडेनमध्ये बघ’ म्हटलं की वाद मिटतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते कोनराड डुडेन एक शाळामास्तर होते. श्लाइझ आणि मग हेर्सफेल्ड या गावांतल्या शाळांचे ते मुख्याध्यापक होते. त्या काळी जर्मन राज्यांमध्ये आणि शाळाशाळांमध्ये स्पेलिंगचे नियम वेगवेगळे होते. त्याचा त्रास मुलांना कसा होतो, हे त्यांनी वर्गात पाहिलं आणि १८८० साली लाइपझिगमधून आपला शुद्धलेखन कोश काढला. त्यात सुमारे २७,००० शब्द होते. २०२० सालच्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत ते १,४८,००० वर गेले. १९०१ मध्ये बर्लिनला परिषद भरली आणि साऱ्या जर्मनभाषक प्रदेशासाठी एकच लेखन ठरलं. दार आणि दरी या अर्थाच्या शब्दांमधला ‘टी’नंतरचा निरर्थक ‘एच’ तेव्हा गेला. सिंहासन या अर्थाच्या शब्दात मात्र तो ‘एच’ अजून आहे. एका मुख्याध्यापकाच्या तळमळीतून पुढचं सगळं उभं राहिलं, याचा मला फार आदर वाटतो. तरी डुडेन हा शेवटी कोश. तो शब्दाबद्दल निवाडा देतो. माझ्या वाक्यात तो शब्द बरोबर बसला आहे का, हे त्याला कसं कळणार?

त्यातच १९९६ आलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इतर काही देशांनी व्हिएन्नात एकत्र येऊन लेखनसुधारणेवर सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट १९९८ पासून नवे नियम लागू झाले. आम्ही ‘की’ या अर्थाचा ‘दास’ हा शब्द एस्-त्सेट या खास अक्षराने लिहायला शिकलो होतो, तो आता दोन एस घालून लिहायचा. ऱ्हस्व स्वरानंतर दोन एस, दीर्घ स्वरानंतर एस्-त्सेट. नियम सुटसुटीत आहे, पण हाताला जुनं वळण होतं. जहाजवाहतुकीच्या ‘शिफफार्ट’मध्ये तीन एफ आले. ड्रॉइंगवर भागांना क्रमांक देण्यासाठी लागणाऱ्या ‘नुमेरीरन’ या क्रियापदात एक एम जास्तीचा आला. खडबडीत या अर्थाच्या ‘राउ’मधला शेवटचा एच गेला. हे माझ्या रोजच्या कामातले शब्द. खुद्द जर्मनीतही एकवाक्यता नव्हती. फ्रांकफुर्टर आल्गेमाइने या मोठ्या वृत्तपत्राने २००० साली पुन्हा जुनं लेखन स्वीकारलं आणि २००७ मध्ये ते नव्याकडे वळलं. दरम्यान २००४ मध्ये जर्मन लेखनाची परिषद स्थापन झाली, तिचं कार्यालय मानहाइमला आहे. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या २००६ मध्ये लागू झाल्या. त्या दशकात माझी काही गिऱ्हाइकं जुनं लेखन मागत, काही नवं, आणि माझ्या टेबलावर दोन्ही डुडेन उघडे असत.

मग मला एक तिसरा आधार मिळाला. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जर्मनीतल्या कार्यालयात तंत्रलेखन बघणाऱ्या एक बाई होत्या. माझा मजकूर त्यांच्याकडे जायचा आणि दुरुस्त होऊन परत यायचा. काम अतिशय नीटस, वेळेवर, आणि वागणं सौजन्याचं. दुरुस्त्या बघून मी खूप शिकले. पण मी कधी विचारलं, की इथे हे शब्दयोगी का, ते का नको, तर उत्तर यायचं, ‘आमच्यात असंच म्हणतात.’ त्यांचा यात काही दोष नाही. मातृभाषेचं ज्ञान असंच असतं. बांधकामावरच्या गवंड्याला विचारा, ‘दगड’चं ‘दगडाला’ होतं तर ‘वीट’चं ‘विटेला’ का? तो कधी चुकणार नाही, आणि कारणही सांगू शकणार नाही. त्याला ते कधी लागलंच नाही. कारण लागतं ते बाहेरून आलेल्याला.

म्हणून लँग्वेजटूल माझ्या हाती आलं तेव्हा मला ते फक्त सोयीचं वाटलं नाही. मला त्यात आमच्या बाईंची रीत दिसली.

हे साधन जर्मन कसं तपासतं ते समजून घेतलं की त्यामागच्या माणसांचे कष्ट दिसतात. मजकूर आधी वाक्यांत आणि शब्दांत तोडला जातो. प्रत्येक शब्दाला त्याची जात चिकटवली जाते, नाम आहे की क्रियापद, कोणतं लिंग, कोणत्या विभक्ती संभवतात, एकवचन की बहुवचन. मग वाक्यावरून नियम फिरवले जातात. हे नियम बरोबर जर्मन कसं असतं ते सांगत नाहीत. सबंध भाषेचं बरोबर रूप लिहून काढणं कुणाच्याही आवाक्यात नाही. म्हणून इथे लोक कुठे घसरतात त्या जागा लिहून ठेवलेल्या आहेत. एक जागा, एक नियम. नियमासोबत लेखकाला द्यायची सूचना आणि एक चुकीचं, एक बरोबर असं उदाहरण. नियमात कुणी बदल केला की त्या उदाहरणांवर तो आपोआप तपासला जातो. जर्मनसाठी असे हजारो नियम आहेत आणि त्यांतले कितीतरी लोकांनी आपला वेळ खर्चून लिहिलेले आहेत. परका माणूस कुठे अडखळतो, याचा कुणीतरी बसून विचार केला, ती जागा ओळखली, आणि तिथे मदत ठेवून दिली. पाणपोई घालणाऱ्याला तहानलेल्याचं नाव ठाऊक नसतं, तसंच हे.

एक उदाहरण जवळून बघू. पंपाच्या पुस्तिकेत वाक्य येतं, आवरण उघडण्याआधी पंपातला दाब काढून टाकावा. आवरण म्हणजे ‘गेहॉयझे’, नपुंसकलिंगी. ‘आवरणाचं उघडणं’ म्हणताना षष्ठी लागते, आर्टिकल ‘देस’ होतं आणि नामालाही शेवटी एस जोडावा लागतो, ‘देस गेहॉयझेस’. लिहिण्याच्या ओघात आर्टिकल बदललं जातं आणि नाम तसंच राहतं. लगेच त्या दोन शब्दांखाली पिवळी रेघ येते. लाल रेघ स्पेलिंगची, पिवळी व्याकरणाची. रेघेवर टिचकी मारली की छोटी चौकट उघडते. आर्टिकल आणि नाम यांचं लिंग, वचन किंवा विभक्ती बहुधा जुळत नाही, असं ती सांगते, आणि खाली जुळणारे पर्याय देते. त्या ‘बहुधा’चं मला फार मोल वाटतं. निर्णय लिहिणाऱ्यावर सोडलेला आहे.

‘बहुधा’ म्हणायला तसंच कारणही आहे. जर्मनमध्ये ‘दास’ हे नपुंसकलिंगी एकवचनी आर्टिकल आहे. त्याच्यापुढे माणसं या अर्थाचं अनेकवचनी ‘मेन्शन’ आलं तर ते चूक. पण ‘जे घर माणसं वापरतात’ हे जर्मनमध्ये लिहिलं, की ‘दास’ आणि ‘मेन्शन’ शेजारी शेजारी येतात आणि वाक्य बिनचूक असतं, कारण इथला ‘दास’ म्हणजे ‘जे’. आर्टिकल आणि नाम जुळवून पाहणाऱ्या नियमाला हे कळायला हवं. म्हणून त्या नियमासोबत अपवादांची लांब यादी आहे. मी ती उघडून वाचली आहे, कोड खुला असल्यामुळे ती कुणालाही वाचता येते. व्याकरणाच्या पुस्तकात न सापडणारी जर्मन वाक्यं तिथे ओळीने भेटतात. ती यादी वाचताना मला आमच्या बाईंच्या समासातल्या अक्षरांची आठवण झाली. तपासणाऱ्याने आपली तपासणीही तपासली पाहिजे, हा धर्म तिथे पाळलेला दिसतो.

स्पेलिंगच्या बाजूला दुसरी मंडळी आहेत, त्यांचंही देणं नोंदवायला हवं. जर्मन समासांची संख्या अमर्याद. सगळे शब्द कोशात घालणं शक्यच नाही, त्यामुळे शब्द तोडून त्याचे तुकडे ओळखता यावे लागतात. हे जमणारं हनस्पेल नावाचं खुलं साधन लास्लो नेमेत या हंगेरियन माणसाने घडवलं. हंगेरियन भाषेतही शब्द जोडून शब्द होतात, म्हणून त्याला ही अडचण आतून माहीत होती. लिबरऑफिसमध्ये जर्मन तपासणारी शब्दयादी ब्यॉर्न याके यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या कामातून आली आहे. माझ्या धंद्यातला ‘ग्लाइटरिंगडिश्टुंग’, म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसणारं मेकॅनिकल सील, असे तीन-तीन पदांचे शब्द ओळखले जातात ते या कष्टांमुळे. जो ओळखला जात नाही तो मी माझ्या यादीत घालते. स्वित्झर्लंडचं काम आलं की भाषेच्या यादीत स्विस जर्मन निवडते, मग एस्-त्सेट या अक्षराखालीच रेघ येते, कारण स्विस लोक ते वापरत नाहीत, सगळीकडे दोन एस लिहितात. पूर्वी एवढ्यासाठी मला सबंध पुस्तिका डोळ्यात तेल घालून वाचावी लागायची.

या साधनाचं ऋण मोठं आहे म्हणून त्याच्या मर्यादा झाकाव्यात असं मला वाटत नाही. ‘झडप उघडा’ हे जर्मन वाक्य आणि ‘झडप बंद करा’ हे जर्मन वाक्य, दोन्ही व्याकरणाने शुद्ध आहेत. मूळ सूचनेत बंद करायला सांगितलं असेल आणि पुस्तिकेत उघडा असं छापलं गेलं, तर कसलीही रेघ येणार नाही, आणि पंपापाशी उभ्या माणसाच्या अंगावर वाफ येईल. नकार गळला, बारऐवजी मिलिबार पडलं, तरी हे साधन गप्प राहतं, कारण यंत्र काय करतं हे त्याला माहीत नसतं. म्हणून रेघा संपल्यावर मी मूळ मजकूर शेजारी ठेवून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचते आणि आकडे बोट ठेवून जुळवते. सुरक्षेच्या पानासाठी जर्मनीत राहणाऱ्या माणसाची नजर आजही लागते. कारखानदाराला तो खर्च करायला मी भाग पाडते.

दुसरी खबरदारी गोपनीयतेची. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधली मापं, अजून बाजारात न आलेल्या यंत्राची माहिती इंटरनेटवरच्या कुठल्याही चौकटीत चिकटवायची नाही, हे आमच्या करारातच असतं. इथेही नाबर यांच्या खुलेपणाचा फायदा झाला. लँग्वेजटूल उतरवून घेऊन आपल्या संगणकावर चालवता येतं, मजकूर घराबाहेर जात नाही. गुप्ततेचं काम मी तसंच करते. पुढे या साधनाची जर्मनीत कंपनी झाली, २०२३ मध्ये ती लर्निओ या अमेरिकन कंपनीकडे गेली, पैसे भरणाऱ्यांसाठी जास्तीच्या सुविधाही आल्या. मूळ गाभा खुला राहिला, याचं समाधान आहे.

आता सबंध वाक्यच नव्याने लिहून देणारी साधनं आली आहेत. ओळखीचे भाषांतरकार मला विचारतात, की अजून रेघा बघत काय बसता, सगळा परिच्छेद त्याला द्या आणि सफाईदार घेऊन या. मी ती साधनंही वापरून पाहिली आहेत आणि पत्रांसाठी त्यांचा उपयोग होतो. पण वापरपुस्तिकेत एका भागाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव हवं. सफाईच्या नादात पान पाचवर एक शब्द आणि पान बारावर त्याचाच भाऊ आला, तर फिटर दोन वेगळे भाग शोधत बसतो. आणि दुसरं, वाक्य सगळंच बदलून आलं की काय चुकलं होतं आणि का, हे कळायची वाटच बंद होते. रेघ माझं वाक्य माझ्या हातात ठेवते. जिथे घोटाळा आहे तिथेच बोट ठेवते, कारण सांगते आणि बाजूला होते. शिकणाऱ्यासाठी हीच पद्धत चांगली, असं माझं ठाम मत आहे.

ते मत आता वर्गात पारखून निघतं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्ह्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पुण्यात, जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन शिकणाऱ्यांची रीघ लागली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. संध्याकाळी मीही एक वर्ग घेते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली नर्सिंग केलेल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या. दिवसभर ड्युटी करून त्या वर्गाला बसतात. तिकडे वॉर्डात त्यांना दर पाळीच्या शेवटी रुग्णाबद्दलची नोंद जर्मनमध्ये लिहायची आहे, आणि पुढच्या पाळीची नर्स त्या नोंदीवर विसंबून गोळी देणार आहे.

एकीने सरावासाठी लिहिलं होतं, ‘मी रुग्णासोबत बोलले.’ ‘सोबत’साठी ‘मिट’, त्यापुढे ‘देम पाट्सिएंट’. पिवळी रेघ आली, तिने टिचकी मारली, ‘देम पाट्सिएंटन’ झालं आणि ती पुढे निघाली. मी थांबवलं.

“का बदललं?”

“मॅडम, त्यानेच बदललं.”

“ते दिसलं. कारण सांग.”

तिने चौकट पुन्हा उघडली, वाचली, आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, ‘मिट’नंतर डाटिव. आर्टिकल बदललं, ते मी केलं होतं. पण या शब्दाला स्वतःलाही शेवटी ‘ईएन’ लागतो. म्हणजे आपलं सामान्यरूप झालं की हे! रुग्ण, रुग्णाला.”

जर्मनमध्ये अशा पुल्लिंगी नामांचा एक गटच आहे. प्रथमेचं एकवचन सोडलं तर सगळीकडे त्यांना ‘एन’ किंवा ‘ईएन’ लागतो. रुग्ण, सहकारी, विद्यार्थी, माणूस, शेजारी हे सगळे त्यात येतात, म्हणजे परिचारिकेच्या रोजच्या नोंदीतले शब्द. मी ते फळ्यावर लिहिलं. ती मुलगी पुढे हा शब्द जपून लिहू लागली, आणि शेजारच्या दोघींना तिनेच समजावून सांगितलं. आमच्या बाईंनी वह्या परत करण्यामागचा हेतू मला त्या दिवशी पुरता कळला.

आता वर्गात मी एक शिस्त ठेवली आहे. आधी हाताने कागदावर लिहायचं आणि आपणच वाचायचं. मग टाइप करायचं. रेघ आली की लगेच टिचकी नाही, आधी स्वतः अंदाज करायचा, मग चौकट उघडायची. आणि खऱ्या रुग्णाचं नाव, आजार यांतलं काहीही तिथे चिकटवायचं नाही. रुग्णाची माहिती जपण्याबाबत जर्मनीतले कायदे कडक आहेत, ती सवय इथूनच लागायला हवी.

आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात. ज्यांनी विद्या लिहून ठेवली त्यांचं ऋण शिकून आणि शिकवून फेडायचं असतं. हे मी माझ्या परीने करते आहे. आणखी एक लहान काम करते. हे साधन कधीकधी बिनचूक वाक्याखालीही रेघ ओढतं, विशेषतः पंपाच्या, झडपांच्या भाषेत. तसं झालं की मी ते वाक्य आणि ते बरोबर का आहे याचं कारण, दोन्ही लिहून प्रकल्पाकडे कळवते. त्यातल्या काही खोट्या रेघा नंतरच्या आवृत्त्यांमध्ये येईनाशा झाल्या. मध्ये कुणी माझं वाक्य वाचलं, त्यावर विचार केला आणि अपवादांच्या यादीत ते घातलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्याला माझं माहीत नाही.

जर्मन शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी एक विनंती आहे. हे साधन जरूर वापरा, त्याचे पैसे मागत नसतील तरीही ते फुकट आलंय असं समजू नका. चौकटीतलं कारण वाचल्याशिवाय टिचकी मारू नका. आणि बरोबर वाक्याखाली रेघ दिसली तर ती कळवा. दोन मिनिटं लागतात, आणि तुमच्यामागून येणाऱ्या एखाद्या परिचारिकेचं काम सोपं होतं.